हवा विकून चाललेलं शहर

लालबाग, मुंबई
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं अमेरिकेतल्या डेट्रॉइटबद्दलचं पत्र मी दोनदा वाचलं. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेलं शहर २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत येतं, आणि मधे २०१३ ला दिवाळखोरीचा अर्ज करतं! शेवटी विचारलंयस, मुंबईचं असं होईल का? तसं नाही होणार रे. इथली गर्दी कुठे हटतेय? मला धास्ती आहे ती वेगळीच.

आपल्या पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, गोवा राज्याच्या दुपटीहून मोठा. पण पैसा येतो कुठून ते बघ. मुलुंडच्या जकात नाक्यावरची ट्रकची रांग आठवते ना? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि शहरात येणाऱ्या मालावरची ती जकात गेली. पालिकेची रोजची हक्काची कमाई बंद झाली. आता राज्य सरकार भरपाई देतं, म्हणजे दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे. उरला मालमत्ता कर. त्यातून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी. (आमची खोलीही त्यात बसते, म्हणून मी यावर फार तोंड उघडत नाही.)

मग विकायला उरली हवा. बिल्डरने जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी मागायची, पालिकेने त्याचे पैसे म्हणजे प्रीमियम घ्यायचा, की चढले मजले. प्रीमियम एकदाच मिळतो. त्या मजल्यांना पाणी पुरवायचं, त्यांचा कचरा उचलायचा, तो खर्च मात्र कायमचा. दागिने मोडून महिन्याचा किराणा भरावा तसला हा कारभार. उद्या फ्लॅट खपेनासे झाले तर? कामगारांचे पगार आणि पेन्शन काही मंदी बघून थांबत नाहीत.

आपल्या गिरणगावात याची तालीम आधीच झाली. ८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ ला नियम फिरवला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. गिरणीची जमीन तर शेडखालीच! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. शहराच्या हाताशी आलेली एवढी मोठी जमीन गेली ती गेलीच. आता त्या जमिनीवरच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका पहाटेची लोकल पकडून येतात. त्यात मे २०२५ पासून बेस्टच्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. ज्यांच्या जिवावर शहर चालतं त्यांनाच इथे पोचणं महाग करायचं, हा कुठला हिशेब? माझं म्हणणं एवढंच की टॉवरवाल्यांकडून दरवर्षी रीतसर कर घ्या आणि तो बसवर घाला. पण नवा मजला मंजूर करणं सोपं, कर वाढवणं कठीण. निवडणुका सगळ्यांनाच लढवायच्या असतात.

एक सांग. तिकडे ओसाड पडलेले प्लॉट शेजारच्या घरवाल्याला शंभर डॉलरमध्ये देतात म्हणे. लोक खरंच घेतात का, आणि घेऊन करतात काय? इथे कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या