डोहाळे म्हणून सोडून देऊ नका

महोदय,

माझ्या धाकट्या जावेला तिसऱ्या महिन्यात घोटभर पाणीही पोटात ठरेना. फोडणीचा वास आला की ती मोरीकडे धावायची. शेवटी आम्ही स्टोव्ह गच्चीवर नेला. वजन ६ किलोंनी उतरलं, दोनदा सलाईन लावावं लागलं. शेजारणी म्हणायच्या, ‘डोहाळेच ते, आम्हाला काय झाले नाहीत?’ मीही एकदा तसंच बोलले, हे कबूल करते.

या त्रासामागचं कारण डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने बरंच उलगडलं. गर्भ आणि वार यांच्याकडून ‘जीडीएफ-१५’ हे संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतून मळमळ चेतवतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या स्त्रियांत ते आधीपासूनच भरपूर असतं, आणि त्यांना मळमळ क्वचितच होते! या संशोधनातल्या संशोधक मार्लेना फेझो यांनी स्वतः १९९९ मध्ये याच आजारात आपलं बाळ गमावलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनाही तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली होती.

म्हणजे नखरे नव्हेत, मनाचे खेळही नव्हेत. नेमकं औषध निघेल तेव्हा निघेल. तोवर आशाताईंनी भेटीत एवढं तरी विचारावं: लघवी किती वेळा होते, पाणी पोटात राहतं का, वजन किती उतरलं? आणि सासूबाईंनी ‘थोडं खाऊन तर बघ’ म्हणत ताट पुढे सरकवू नये.

— एक वाचक, सातारा