विंडोज सेव्हनची बीटा: तू पण टाकच

शहापूर, बेळगाव
रविवार, १५ फेब्रुवारी २००९

मित्रा,

मेल मिळाला. व्हिस्टानं, म्हणजे सेव्हनच्या आधीच्या विंडोजनं, एकदा तोंड पोळल्यावर तू विंडोज सेव्हनचं ताक फुंकून पिणार हे मला माहीत होतं, पण तू तर पेलाच लांब सारलास की! "आधी बाजारात येऊ दे, वर्षभर लोकांना वापरू दे, मग बघू" असं लिहिलंयस, आणि नेमकं तेच मला पटलं नाही म्हणून आज दुकान बंद असताना निवांत लिहायला बसलोय. बाजारात आल्यावर तू आणि मी नुसते गिऱ्हाईक. आज बीटा, म्हणजे पक्की व्हायच्या आधीची चाचणीची आवृत्ती, आहे तोवर आपण सांगितलेलं कुणीतरी वाचतंय, आणि आपल्याकडं सांगण्यासारखं लई आहे.

आधी बातमी सांगतो, क्लासच्या गडबडीत तुझ्या कानावर सगळं आलं असेल असं वाटत नाही. ७ जानेवारीला लास वेगासमध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखानं, स्टीव्ह बाल्मरनं, बीटा जाहीर केली, ९ तारखेला सगळ्यांसाठी खुली होणार होती आणि त्या दिवशी एवढी माणसं तुटून पडली की सर्व्हरच बसले. आधी २५ लाखांचीच मर्यादा होती, ती मग काढून टाकली आणि तारीख पण वाढवली, आता मात्र १० फेब्रुवारीपासून नवीन डाउनलोड बंद झालंय. तू काळजी करू नकोस, मी ३२ बिटची उतरवून ठेवलीय. सुमारे अडीच जीबीची फाईल, रात्री दोन ते सकाळी आठ नेट फुकट असतं तेवढ्या वेळात लावायची, मधे लाईट गेली तर परत तिथूनच पुढं चालू. डीव्हीडी पण बर्न करून ठेवल्यात, त्यातली एक तुझ्या नावाची.

कुठल्या मशीनवर टाकली म्हणशील तर दुकानातल्या त्याच जुन्या पेंटियम फोरवर, ज्याच्यावर आपण पत्रिका करतो. रॅम वाढवून एक जीबी केलेली होतीच. कंपनीनं बीटासाठी मागितलंय ते पण एवढंच, एक गिगाहर्ट्झ प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि १६ जीबी मोकळी डिस्क. एक्सपीला, म्हणजे व्हिस्टाच्याही आधीच्या विंडोजला, हात लावला नाही, वेगळं पार्टिशन पाडून तिथं टाकली, आता मशीन चालू झालं की विचारतं कशात जायचं. आणि गड्या, त्या मशीनवर ती चालते! चालते म्हणजे रेटून नाही, नीट चालते. बोर्डावरच्या ग्राफिक्सला पाहिजे तसला ड्रायव्हर नाही त्यामुळं काचेसारख्या खिडक्या दिसत नाहीत, ते मी भाच्याच्या लॅपटॉपवर बघितलं. पण कामाला काच लागत नाही. व्हिस्टात तुझ्या मशीनची डिस्क नुसती घरघरत बसायची ना, तसलं इथं मला जाणवलं नाही. गंमत म्हणजे आतला नंबर ६.१ आहे, व्हिस्टाचा ६.० होता, म्हणजे पाया तोच, पण त्याच्यावर माणसांनी बसून नीट काम केलंय हे वापरताना कळतं.

पहिल्यांदा चालू झाल्यावर डेस्कटॉपवर एक मासा येतो, बेट्टा जातीचा, बीटा म्हणून बेट्टा, तेवढं बघून आमची बारकी खूश झाली. खालचा टास्कबार जाड झालाय, आणि रोजचे प्रोग्राम त्याच्यावरच चिकटवून ठेवता येतात. वर्डच्या चिन्हावर राईट क्लिक केलं की अलीकडच्या फायली तिथंच दिसतात. मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते म्हणजे खिडकी ओढून स्क्रीनच्या डाव्या कडेला नेली की ती अर्ध्या स्क्रीनवर बसते, दुसरी उजवीकडं. एका बाजूला गिऱ्हाइकाचा जुना अर्ज, दुसऱ्या बाजूला नवीन, बघून टाईप करायचं. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं आहे ते तुला सांगायला नको.

आता खरं ज्याच्यासाठी लिहितोय ते. एक्सपीत मराठी चालू करायचं म्हणजे काय करावं लागतं आठव. कंट्रोल पॅनेल, रिजनल सेटिंग, तिथं 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची खूण करायची, मग ते सीडी मागणार, आणि गावात कुणाकडं सीडी असते? त्यामुळं निम्म्या मशीनवर मराठी म्हणजे चौकोन चौकोन, कन्नड पण तेच. हे व्हिस्टापासून गेलंय आणि सेव्हनमध्ये पण लागत नाही, पण तू व्हिस्टा टिकूच दिली नाहीस त्यामुळं तुला त्याचा फायदा दिसला नाही. मी सेव्हन टाकल्या टाकल्या नोटपॅड उघडलं, मराठी कीबोर्ड जोडला, खाली कन्नड जोडला, आणि टाईप करत सुटलो. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' हे मुद्दाम टाईप करून बघितलं, अर्धा र बरोबर आला. फाईलला नाव मराठीत दिलं, घेतलं. मग त्याच फाईलमध्ये खाली कन्नड ओळ, अक्षराखाली लागणारं जोडाक्षर जागेवर बसलं. एका फाईलमध्ये दोन्ही, कुठला जादाचा प्रोग्राम नाही, कुठलं डाँगल, म्हणजे मशीनला खोचायची किल्ली, नाही.

तुला माहीत आहे आपल्याकडं हे रोजचं आहे. परवाच एक पत्रिका आली, मुलाकडचे वडगावचे, मुलीकडचे बैलहोंगल भागातले, एकाच पत्रिकेत अर्धी मराठी अर्धी कन्नड पाहिजे. आज ते काम म्हणजे मराठीचा वेगळा फॉन्ट, कन्नडचा वेगळा, दोघांचे कीबोर्ड वेगळे, आणि तीच फाईल गिऱ्हाइकाला मेल केली तर त्याच्याकडं एबीसीडीचा काला दिसणार कारण तो फॉन्ट त्याच्याकडं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना जगभर एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, हे होत नाही, मराठी मराठीच राहतं, पुण्यात उघड नाहीतर धारवाडात उघड. आणि भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डात क ज्या बटणावर मराठीत आहे त्याच बटणावर कन्नडमध्ये पण आहे, ग पण तसाच, त पण तसाच. तुझ्या क्लासात मराठी शाळेची पोरं येतात आणि कन्नड शाळेची पण येतात, एकच टायपिंग शिकवायचं, ऑल्ट शिफ्ट दाबलं की भाषा बदलली. निपाणीत असलं शिकवणारा क्लास झाला तर पोरांना दोन्हीकडच्या नोकऱ्यांना उपयोगी पडेल, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पण सगळं गोड नाही आणि म्हणूनच तू पाहिजेस. विंडोजच्या देवनागरी मंगल फॉन्टमधले ल आणि श अजून हिंदी वळणाचेच आहेत, आपल्या बालभारतीच्या पुस्तकातल्यासारखे नाहीत, आणि आमच्याकडं येणारी जुनी माणसं ते लगेच ओळखतात, "हे असलं कसलं ल" म्हणतात. बीटा पाच भाषांत काढली, इंग्रजी, जर्मन, जपानी, अरबी आणि हिंदी, म्हणजे देवनागरीकडं त्यांचं लक्ष आहे, हिंदीची फक्त ३२ बिटची का असेना. पण हिंदीवाल्याला मराठी ल खटकणार नाही, ते आपल्यालाच सांगावं लागणार. दुसरं, मराठी नावाची फाईल विंडोजच्या स्वतःच्या झिप फोल्डरमध्ये टाकायला गेलं की ती घेत नाही, अक्षरं चालत नाहीत म्हणते, हे एक्सपीपासून चालत आलंय. रेडमंडमध्ये, कंपनीच्या मुख्य ऑफिसात, बसलेल्या कुणाला 'लग्नपत्रिका' नावाची फाईल झिप करायची वेळ येत नाही. आपल्याला येते.

सांगायची सोय तर एवढी सोपी करून ठेवलीय की बघ. प्रत्येक खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात 'सेंड फीडबॅक' लिहिलेलं आहे, दाबलं की लिहायचं, पाठवायचं. आणि स्टार्टमध्ये पीएसआर असं टाईप केलं की एक छोटा प्रोग्राम उघडतो, रेकॉर्ड दाबून जे काय करायचं ते करत जायचं, तो प्रत्येक क्लिकला स्क्रीनचा फोटो काढतो आणि खाली लिहितो की इथं क्लिक केलं, शेवटी सगळं एका झिपमध्ये बांधून देतो. तुझ्या पोरांना हा प्रोग्राम आधी शिकव. एखादं पोरगं सांगतं "सर कॉम्प्युटर बंद पडला" आणि काय दाबलं ते त्याला सांगता येत नाही, तिथं हे लई कामाचं आहे.

ऐकतात का, असं तू विचारणार. याच महिन्यात झालेलं सांगतो. व्हिस्टातला तो परवानगी मागणारा डबा आठवतो ना, यूएसी, दर दोन मिनिटांनी "तुम्हीच केलं का" विचारणारा. सेव्हनमध्ये त्याला चार पायऱ्यांची पट्टी दिलीय, पाहिजे तेवढं विचार, आणि आहे तशी ठेवली तर तुम्ही स्वतः विंडोजची सेटिंग बदलताना तो विचारत नाही. जानेवारीच्या शेवटी बीटा वापरणाऱ्या दोघांनी दाखवून दिलं की एक बारकी स्क्रिप्ट तुमच्या नावानं बटणं दाबून हा पहाराच गुपचूप बंद करू शकते, कारण पहारा बंद करणं ही पण एक सेटिंगच झाली. कंपनी आधी म्हणाली आम्ही मुद्दामच तसं ठेवलंय. लोकांनी सोडलं नाही. ५ फेब्रुवारीला त्यांनी जाहीर केलं की बदलतो, ती पट्टी हलवताना यापुढं विचारलं जाईल. लोकांनी धरून ठेवलं म्हणून एवढी मोठी कंपनी आठवड्याभरात वळली. हे बाजारात आल्यावर झालं असतं का?

आणि वेळ कमी आहे. बीटा टू निघणार नाही, थेट रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ तयार आवृत्ती, आणि मग पक्की, असं स्टीव्हन सिनॉफ्स्कीनं लिहिलंय, तो तिथल्या विंडोजच्या कामाचा प्रमुख. म्हणजे मोठे बदल करून घ्यायचे तर आत्ताच.

सावध राहायचं ते पण सांगतो. एमपीथ्री गाण्यांचा एक बग आहे, मीडिया प्लेयरनं गाण्याची माहिती भरताना गाण्याचे काही सेकंद कापले जातात, कायमचे. त्यावरचा पॅच मी डीव्हीडीत वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलाय, आधी तो टाक आणि मगच गाणी लाव, आणि तुझ्याकडच्या भीमसेनजींच्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेकॉर्डिंगची डिस्क तर त्या मशीनला जोडूच नकोस, कॉपी करून वेगळी ठेव. प्रिंटरचं म्हणशील तर माझ्या जुन्या लेझरला सेव्हनचा ड्रायव्हर नाही, व्हिस्टाचा टाकला आणि छापायला लागला. एक्सपीवरून थेट वर चढवता येत नाही, नवीनच टाकावी लागते. आणि ही बीटा १ ऑगस्टला संपणार, त्याच्यावर क्लासचा हिशोब ठेवू नकोस, फीचं रजिस्टर एक्सपीतच राहू दे.

पुढचं पण थोडं डोक्यात ठेव. ३ फेब्रुवारीला त्यांनी कुठले कुठले प्रकार निघणार ते सांगितलंय. आपल्यासारख्या देशांसाठी होम बेसिक आहे, आणि स्टार्टर म्हणून एक आहे त्यात एकावेळी तीनच प्रोग्राम चालणार. नवीन मशीन घेताना दुकानदार स्वस्त म्हणून स्टार्टर गळ्यात मारेल, क्लासला ते चालणार नाही, वर्ड, पेंट आणि एक ब्राउझर उघडला की संपलं. एक्सपीचा मुख्य सपोर्ट येत्या १४ एप्रिलला संपतोय, सिक्युरिटीचे पॅच तेवढे २०१४ पर्यंत मिळतील. म्हणजे तुला उद्याच काही बदलायची घाई नाही, पण जी मशीनं पुढच्या वर्षी घ्यायचीत ती एवढ्यात व्हिस्टासकट घेऊ नकोस, थांब. मी तर या सेव्हनची वाट आमच्या घरी लग्न असल्यासारखी बघतोय. एक्सपी २००१ ची, आपण तिच्यावरच धंदा शिकलो, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं वाटतंय की नवीन मशीन खोक्यातून काढलं, लावलं, आणि लगेच मराठी नि कन्नड दोन्हीत काम सुरू केलं, असं होऊ शकतं.

डीव्हीडी शनिवारी भाचा घेऊन येतोय, तो कोल्हापूरला जाताना निपाणी स्टँडवर उतरून तुला देईल. एकाच मशीनवर टाक, कोपऱ्यातल्या. मराठी मी बऱ्यापैकी तपासलंय, तू कन्नड धर, तुझ्याकडं कन्नड शाळेची पोरं आहेत त्यांच्याकडून त्यांच्या पुस्तकातले धडे टाईप करून घे, कुठलं जोडाक्षर तुटतं, कुठं कर्सर भलतीकडं उडी मारतो ते वहीत टिपून घे आणि फीडबॅकमध्ये टाक. ल आणि श चं तू पण लिही, एकट्या माझ्या पत्रापेक्षा दोन गावांतून गेलेलं बरं. अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, दुकान बंद केलेलं असतं.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
शहापूरवाला