सड्यावरचं घरटं

कोल्हापूर
जोतिबाच्या यात्रेनंतरचा रविवार

प्रिय विज्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही घेतले नाहीत. रागावला असशील तर बरोबरच आहे. आईची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा ठीक. ते असो.

सड्यावरचं चंडोलाचं घरटं जळालं. तीन अंडी होती.

होळीच्या आठ दिवस आधी एकटाच वर, आपल्या जांभ्याच्या पठारावर गेलो होतो. आपण तिघं एका छत्रीत बसलो होतो ना, त्या जांभ्याच्या धोंड्याच्या अलीकडं. नर गात गात वर चढत होता. मी मान वर करून चाललोय आणि मादी माझ्या पायापासून चार हातांवर भुर्रकन उठली. गवताच्या बुडख्याला म्हशीच्या खुराएवढा खळगा, आत बारीक मुळ्यांचं अस्तर आणि मळकट अंडी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. नजर जरा हलली की परत सापडत नव्हती, इतकी मातीत मिसळलेली. मी लांब जाऊन बसलो. वीसेक मिनिटांनी ती चालत चालत आली, तुरा उभा, छातीवर ठसठशीत काळ्या रेघा. मलबारी चंडोलच, विज्या! आता तरी मान. सहा वर्षं तू ‘हा मलबारी नाही, देवा चंडोल, देवा’ करून माझं डोकं खाल्लंस. कर्नल साईक्सनं १८३२ मध्ये दख्खनमधून नोंदवलेला तुझा देवा छातीवर इतका रेघाळ नसतो, आणि तो कोरड्या मुलखातला. सोलापूरला जा आणि बघ. पैजेचा तांबडा-पांढरा तुझ्याकडं बाकी आहे.

परत उतरताना सदूतात्या भेटले, गुरं घेऊन. म्हणाले, “काय बघतोस रे एवढं?” मी म्हणालो, “काही नाही तात्या, फिरतोय.”

हे एवढंच वाक्य मला दीड महिना झोपू देत नाही.

कारण आपला नियम. घरट्याची जागा कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही. तू घातलास, मी टाळी दिली. त्या वर्षी कॅमेरेवाले गवत तुडवून गेले आणि मादी परत आलीच नाही, तेव्हा तू रडला होतास. नियम चुकीचा नव्हता. पण तात्या कॅमेरेवाले नाहीत. जुनं गवत जाळलं की पावसात कोवळं चांगलं फुटतं, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. चौथ्या दिवशी घराच्या गच्चीवरून धूर दिसला. गाडी काढून वर पोचेपर्यंत सगळं काळं. धोंडा तेवढा ओळखू आला. एक अंडं तडकलेलं, दोन अख्खी, एका अंगानं करपलेली. हातात घेतलं तर अजून कोमट होतं.

तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मला बोलला असतास तर तेवढा पट्टा सोडला असता की. शेतात टिटवीची अंडी दिसली की मी नांगर वळवून नेतो.”

विज्या, आपण दोघांनी वीस वर्षं तो सडा पाहिला, आणि त्या माणसाला एकदाही विचारलं नाही.

मग मी तुझं मागच्या थंडीतलं पत्र काढून परत वाचलं. तुझ्या इंग्लंडातल्या सरेमधल्या त्या डार्टफर्ड वॉर्बलरचं, त्या चिमुकल्या वटवट्याचं. दहा-बारा ग्रॅमचा जीव, थंडीतही देश सोडून जात नाही, काटेरी गॉर्सच्या झुडपात कोळी-किडे शोधत राहतो. १९६२-६३ च्या बर्फानं अख्ख्या इंग्लंडात जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या, आणि २००६ पर्यंत तीन हजारांवर गेल्या. थंडी सौम्य झाली हे खरं, पण माळ राखला म्हणूनही. १८०० पासून ऐंशी टक्क्यांवर माळ गेला, कारण तिथंही त्याला पडीकच म्हणायचे. आपल्याकडं सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात आणि मग बॉक्साइटवाल्यांना मोकळं रान.

त्याच पत्रात तू लिहिलंस की तिकडच्या न्यू फॉरेस्टमध्ये घोडी चरतात म्हणून माळ मोकळा राहतो, नाहीतर झाडं वाढून तो संपेल. आणि थर्स्लीचा माळ २०२० मध्ये पेटला तेव्हा तुला आपला सडा आठवला. मग मला सांग, पन्हाळ्याच्या एसटीत तू माझ्याशी का भांडलास? ‘सड्याला कुंपण घाला, गुरं बंद करा’ म्हणून? मी तेव्हाही म्हणत होतो, गुरांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते आगीनं. अर्थात आग लावणाऱ्याशी बोलायचं मलाही सुचलं नाही, तेव्हा हे भांडण बरोबरीत सोडवू.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराला संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं. आपल्या सड्याला तो मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तात्याच आहेत. पुढच्या थंडीत आग अडवायला धोंड्याभोवती गवत कापून जाळरेषा काढायची असं त्यांनी स्वतः सुचवलंय. कापलेलं गवत त्यांच्या गोठ्यात जाईल. त्यासाठी मला त्यांना सगळ्या जागा दाखवायला लागतील, खालच्या डबक्याजवळचीसुद्धा, जी मी आजवर फक्त तुला दाखवली. म्हणून हे पत्र. तू हो म्हटल्याशिवाय मी दाखवणार नाही. तेवढा तुझा शब्द आहे माझ्यावर.

नवीन नोकरी मानवली का? वहिनींचा हात बरा झाला? रिया मराठी वाचते की विसरली? फराळाचा डबा मिळाल्याचं कळवलं नाही मी. मिळाला आणि संपला.

परवा पहाटे परत वर गेलो होतो. काळ्या जमिनीवर अजून काहीच फुटलेलं नाही. पण धोंड्यावर बसून नर गात होता, आणि पलीकडं न जळलेल्या गवतात मादी चोचीत काडी धरून चालत होती. तात्या माझ्या शेजारीच उभे होते. मी बोट दाखवलं नाही. त्यांनीच विचारलं, “तीच काय रे?”

लवकर उत्तर दे.

तुझाच,
बाळ्या