ओवी संपली की तुम्ही थांबायचात

राम कृष्ण हरी महाराज,

सप्ताह संपून चार दिवस झाले, काल्याची लाही अजून देव्हाऱ्यात आहे आणि तुम्हाला काय लिहू हे अजून सुचत नाहीये, तरी लिहिते. आई फोन बघत नाही म्हणून इथे लिहितेय.

आई तिसरीपर्यंत शिकलेली. बाबा गेल्यापासून तिच्या मनात एकच, ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायचं. मागच्या वर्षी एका ठिकाणी बसली होती. दुसऱ्याच दिवशी तिला सांगितलं, मावशी तुम्ही फार अडखळता, सगळ्यांची लय तुटते, तुम्ही नुसतं ऐका. आणि मांडीवरचा ग्रंथ उचलून नेला. ती घरी येऊन काही बोलली नाही, भाकऱ्या टाकत बसली. मला अजून राग आहे त्याचा. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांना गीता कळावी म्हणून माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये ती मराठीत सांगितली ना, मग तिथेच अडखळणाऱ्या बाईला उठवायचं?

यंदा मी तिला घेऊन आले तेव्हा खरं सांगते पोटात गोळा होता. दिवसाला हजाराच्या वर ओव्या ओढायच्या, मागे पंगतीची घाई, तिच्यासाठी कोण थांबणार. पहिल्या दिवशी मी चहाची किटली घेऊन कडेला उभी होते आणि तेव्हा दिसलं. ओवी संपली की तुम्ही व्यासपीठावरून मान थोडी वर करायचात आणि आईच्या बोटाकडे बघायचात. हळदीने पिवळं झालेलं तिचं बोट ओळीच्या शेवटाला पोचलं की मगच पुढची ओवी उचलायचात. बाकीच्यांना वाटलं महाराज दम घेतायत. सातही दिवस हेच. अठरावा अध्याय, एकट्याच्याच अठराशेच्या वर ओव्या, तुमचा आवाज बसलेला, तरी थांबलात. एकदाही तिचं नाव घेतलं नाही, माइकवरून कौतुक केलं नाही, नाहीतर ती लाजून उठूनच गेली असती.

लोक मदत करतात पण चार जणांना कळेल अशी करतात, मंडपाच्या दारात फ्लेक्स लागतो. तुम्ही जे केलंत ते जिच्यासाठी केलं तिलाही कळू दिलं नाहीत. असं वागायला किती मन लागतं हो. एवढी कीर्तनं ऐकली पण मला माउली कळले ते त्या थांबण्यात.

पसायदान झाल्यावर आईने ग्रंथ कपाळाला लावला तो किती तरी वेळ खाली ठेवलाच नाही. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, या वेळी मी सगळ्यांच्या बरोबरीने वाचलं, कुठे मागे राहिले नाही. मी हो म्हणते. तुम्ही भेटलात तर तुम्हीही हो म्हणा महाराज, आणि पुढच्या वर्षी तिचं आसन तिथेच राहू द्या, तुम्हाला तिचं बोट दिसेल असं.

तुमची,
त्या दुसऱ्या रांगेतल्या आजींची लेक