लालबागची आजी

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात माझी आजी वयाच्या ९१ व्या वर्षी गेली. आपल्या वृत्तपत्रातील निधनवार्तांत तिच्याविषयी चार ओळी आल्या आणि त्यात 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे' हे नेहमीचे वाक्य होते. असे वाक्य मी आजवर शेकडो वेळा वाचले असेल, पण त्या सकाळी 'नातवंडे' या शब्दापाशी मी थांबले. माझे मामेभाऊ तिच्या मुलांची मुले, मी तिच्या मुलीची मुलगी, आणि तरी आम्ही सारे त्या एका शब्दात मावलो होतो. हिंदीत पोते निराळे आणि नाती निराळे. आजीने मात्र आम्हा सगळ्यांना 'दुधावरची साय' म्हणूनच जवळ घेतले. साय मुलाकडची की मुलीकडची, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

मराठीत आईची आई आणि वडिलांची आई या दोघीही आजीच. संस्कृतातील 'आर्यक' आणि 'आर्यिका' प्राकृतातून येता येता आजा आणि आजी झाले आणि आजाला आदराचा 'बा' लागून आजोबा झाले. मग दोन आज्या ओळखायच्या कशा, तर गावावरून. आमच्याकडे एक चिपळूणची आजी आणि दुसरी लालबागची आजी. चाळीच्या जागी टॉवर उभा राहू लागला तेव्हा ही दुसरी आजी धाकट्या मामाकडे विरारला राहायला गेली आणि शेवटची सोळा वर्षे तिथेच होती, पण तिला विरारची आजी कुणीही म्हटले नाही. मराठीने भेद ठेवला तो घरात, माणसात नाही. कारण 'आजोळ' म्हणजे फक्त आईच्या माहेरचे घर, वडिलांकडच्या घराला तसा शब्दच नाही.

माझे आजोळ म्हणजे लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला, तेव्हा आजी मसाल्याच्या दुकानासाठी मिरच्यांचे देठ काढून देऊ लागली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे असे. दिवसभर गोणीवर बसून तिची बोटे लाल होत, रात्री ती तळव्यांना खोबरेल चोळी आणि हातांची आग शमेपर्यंत मला कुशीत घेत नसे, कारण चुकून डोळ्याला हात लागला तर मी रडेन. हात माझ्यापासून लांब धरून ती गोष्ट सांगे. आजही 'आजी' म्हटले की मला चेहऱ्याआधी ते लांब धरलेले हात दिसतात.

त्याच चाळीत मी पहिल्यांदा इतर भाषांतल्या आज्या ऐकल्या. शेजारच्या तेलुगू कुटुंबातली मुलगी वडिलांच्या आईला 'नानम्मा' म्हणे, कारण तेलुगूत 'नान्ना' म्हणजे वडील. आणि हिंदीतली 'नानी' ही आईची आई, त्यामुळे आम्हा मुलांचा नेहमी गोंधळ उडे. तिच्या आईची आई 'अम्मम्मा'. खालच्या मजल्यावरचे कानडी लोक दोन्हीकडच्या आजीला 'अज्जी' म्हणत, अगदी आपल्यासारखे. भोजपुरी बोलणाऱ्या घरांत 'आजी' हा शब्द आहे, पण तो वडिलांच्या आईसाठी. पुढे वाचनात आले की स्वीडिश भाषेत आईच्या आईला 'मोरमोर' म्हणजे शब्दशः 'आईची आई' असेच म्हणतात, तर चिनी भाषेतल्या आईच्या आईसाठीच्या एका शब्दात 'बाहेरची' असा अर्थ आहे. प्रत्येक भाषेने आपल्या कुटुंबाची घडी आपल्या रीतीने घातली आहे आणि त्यात मला कमीजास्त काही म्हणायचे नाही. पण 'बाहेरची' हा अर्थ वाचला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला, हे खरे.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त असे की माझ्या तिसरीतल्या मुलीला शाळेतून कुटुंबवृक्षाचा तक्ता भरायला मिळाला. त्यात 'दादी' आणि 'नानी' असे दोन रकाने होते. तिने दोन्हीकडे 'आजी' लिहिले, तर ते खोडून पुन्हा लिहून आणण्यास सांगण्यात आले. शाळेचा हेतू वाईट नव्हता. परंतु आता मराठी घरांतही आईच्या आईला सर्रास 'नानी' म्हटले जाते, आणि मराठीत नाना म्हणजे कुणाचे तरी काका किंवा वडील, हे मुलांना ठाऊकच नसते. गिरगाव चौपाटीवरच्या नाना-नानी पार्कची पाटी वाचून आजीने मला विचारले होते, "हे नाना कोणाचे गं?" मराठी पालकांना माझी विनंती आहे की घरात तरी दोघींना आजीच म्हणू द्यावे आणि शाळेत लिहायचे झाल्यास पुढे गावाचे नाव जोडावे.

आम्ही तसेच केले. एका रकान्यात 'साताऱ्याची आजी' आणि दुसऱ्यात 'डोंबिवलीची आजी' असे लिहून दिले आणि बाईंनी ते ठेवून घेतले. मुलीने मात्र सर्वांत वर, छापलेल्या चौकटीच्या बाहेर, पेन्सिलीने आणखी एक चौकोन काढला आणि त्यात 'लालबागची पणजी' असे लिहिले. ती चाळ तिने कधी पाहिलेली नाही.

- एक नात, मुलुंड, मुंबई