सिस्टर, तुमच्या हातातल्या विद्येबद्दल

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला मी होते, पण बोलले नाही. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, भाषणं झाली. कुणी तुम्हाला मायाळू म्हटलं, कुणी मनमिळाऊ, कुणी 'रुग्णालयाची आई' म्हटलं. तुम्ही मायाळू आहातच. पण तुमच्या हातातल्या विद्येबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, याची मला तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे. डॉक्टर निवृत्त होतात तेव्हा त्यांनी केलेल्या अवघड शस्त्रक्रिया आठवल्या जातात आणि सिस्टर निवृत्त होतात तेव्हा त्यांचा स्वभाव. मला तुमच्या कामाचे आभार मानायचे आहेत, आणि तेही चारचौघांच्या देखत. म्हणून हे उघड पत्र.

जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून मी लेबर रूमला आले तेव्हा पुस्तकं पाठ होती. तुम्ही हात शिकवलात. बाळ जन्माला आलं, पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही याची खात्री केली, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिट मांडीत दिली, वार पडली, की आम्हा नव्या मुलींना वाटायचं, सुटलो! तुमची खरी ड्युटी तिथून सुरू व्हायची. वार ट्रेमध्ये पसरून तिचे सगळे भाग जुळतात का, पडदे पूर्ण आहेत का, हे तुम्ही दिव्याखाली दाखवायचात. मग माझा हात धरून बाळंतिणीच्या बेंबीखाली, आकसलेल्या गर्भपिशवीवर ठेवायचात.

"काय लागतंय?"
"गोळा."
"कसा?"
"घट्ट."
"पंधरा मिनिटांनी पुन्हा सांग."

असं दोन तास. बाहेर नातेवाईक पेढे वाटत असायचे आणि तुमचं लक्ष पॅडवर. रक्त 'थोडं' गेलं किंवा 'बरंच' गेलं असं सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. किती मिली, ते सांगायचं. बाळंतपणानंतर अर्धा लिटर ही धोक्याची रेषा मानतात. पण आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर नसतं, त्यांना एवढंही सोसत नाही, म्हणून तुम्ही ती रेषा आमच्यासाठी अलीकडे ओढून ठेवली होती. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, नाहीतर इंजेक्शन देऊनही पिशवी आकसायची नाही. त्यामुळे वीज गेली की तुम्ही आधी फ्रीजकडे जायच्या आणि अँप्यूल लसीच्या कॅरिअरमध्ये हलवायच्या. आम्हाला ते तेव्हा फार वाटायचं. आता मीही तेच करते.

ती झटके आलेली मुलगी तुम्हाला आठवत असेल. पहिलटकरीण, पाय सुजलेले, रात्री जीपमधून आणलेली. डॉक्टर सिझेरियनला उभे होते, हात मोकळा नव्हता. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत आणि मला म्हणालात, "मॅगसल्फ भर." झटके थांबवणारं इंजेक्शन. माझ्या हाताला कंप सुटला होता. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. पाच या बाजूला, पाच त्या बाजूला. एकेक अँप्यूल फोडताना तुम्ही शेजारी उभं राहून मोजत होता. सिरिंजला मात्र हात लावला नाहीत. ते काम मीच करायचं होतं. मग ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मला पुढे घालून नेलंत आणि सांगितलंत, "तू बोल. वय, महिने, बीपी, झटके किती, काय दिलं, किती वाजता." मी बोलले. डॉक्टरांनी आतून ऐकलं, दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरांनी माझ्याकडून माहिती घेऊन पुढचा निर्णय घेतला.

त्यानंतरचे तास तुम्ही मला शिकवण्यातच घालवलेत. पुढच्या डोसआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का बघायचं, श्वास मिनिटाला किमान १६, लघवी तासाला किमान ३० मिली. यातलं एकही कमी पडलं तर औषध थांबवायचं. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट तुम्ही आधीच काढून उशाशी ठेवलं होतं. पहाटे पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, मी केसपेपर तुमच्यापुढे धरला तर तुम्ही तो परत माझ्याकडे सरकवलात. "वेळ टाक, सही कर. केलंस तू, तर नाव तुझंच दिसलं पाहिजे."

सिस्टर, माझ्या नोकरीचं करिअर त्या सहीने झालं. आपल्या पेशात बायका जन्मभर राबतात आणि कागदावर कुठे दिसत नाहीत. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख, भरायचा, ठोके लिहायचे, डॉक्टरांना कधी कळवलं ती वेळ लिहायची, याचा तुमचा हट्ट किती जणींना जाच वाटायचा. मला त्यातून बोलायला बळ आलं. आलेख इशाऱ्याची रेषा ओलांडतोय हे हातातल्या कागदावर दिसत असलं की कितीही मोठ्या साहेबांना रात्री दोन वाजता उठवताना आवाज चाचरत नाही.

ऊसतोडीच्या बायकांसाठी तुम्ही जे केलंत ते आपल्या तालुक्याबाहेर कुणाला माहीत नाही. दसरा जवळ आला की तुम्ही एएनसीचं, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचं, रजिस्टर घेऊन बसायच्या. ज्यांचे दिवस डिसेंबर ते मार्चमध्ये भरणार आणि ज्या कोयत्यावर जाणार, त्यांची वेगळी यादी. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी पार बेळगावकडे. फडात कळा सुरू झाल्यावर गाठायचं कुठे, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही आशाताईंकडून प्रत्येकीला बोलावून घ्यायच्या, रक्तगट, हिमोग्लोबिन, अपेक्षित तारीख, आधीचं सिझेरियन असेल तर ते, सगळं माता-बाल कार्डावर लाल पेनाने लिहायच्या आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायच्या. वर आपल्या वॉर्डाचा फोन नंबर. एका हंगामात सांगलीकडच्या एका रुग्णालयातून फोन आला. बाई बोलण्याच्या अवस्थेत नव्हती, पण कार्डावर 'ओ निगेटिव्ह, मागचं सिझेरियन' वाचून त्यांनी रक्त आधीच मागवलं होतं. आई आणि लेक दोघी परत आल्या. फोन मी घेतला होता. तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि पुढच्या पेशंटकडे वळलात.

गर्भपिशवी काढून घ्यायला निघालेल्या तिशीतल्या बायकांनाही तुम्ही कितीदा बसवून समजावलंत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा तो प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून ओपीडीच्या बाकावर एकेकीशी बोलत होता.

महाराष्ट्रात २००१-०३ च्या सुमारास लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. रुग्णवाहिका आल्या, योजना आल्या, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण त्या आकड्यात तुमच्यासारख्यांचे हात आहेत, आणि ते सांगताना मला ऊर भरून येतो.

घरचंही लिहिते. लेक वर्षाची झाली आणि मला नाईट लागल्या, तेव्हा घरात कुरबूर सुरू झाली होती. नर्सचं काम घरंदाज बाईचं नव्हे, ही समजूत जुनीच. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात मुलींना नर्सिंगच्या वाटेला लावलं त्याला शंभर वर्षं उलटली, तरी ती पुरती गेलेली नाही. एका रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात. नोकरीचा विषयच काढला नाहीत. जन्मल्यावर न रडलेल्या एका बाळाला मी बॅग-मास्कने श्वास कसा दिला, ते सासूबाईंना सगळं सांगितलंत, अगदी करून दाखवलंत. सासूबाई ऐकत राहिल्या. त्या दिवसापासून माझ्या नाईटला लेक त्यांच्या कुशीत झोपली. त्यांचे आभार मी घरी मानत असतेच, इथेही मानते. आणि लेबर रूमच्या मावशींचेही. कुठली बाई घाबरून गप्प झाली आहे आणि कुठली दमून, हे ओळखायला मला त्यांनी शिकवलं.

आता लेबर रूमची इन्चार्ज मी आहे. तुमचं लाल पेन ड्रॉवरमध्ये असतं आणि दसऱ्याची यादी चुकलेली नाही. ओव्हर घेताना मी मुलींना आकडे विचारते आणि सही त्यांची त्यांनाच करायला लावते.

पुढच्या महिन्यात नव्या मुलींची तुकडी येतेय. मेट्रन मॅडमशी मी बोलून ठेवलं आहे. तुमचे गुडघे दुखतात हे माहीत आहे, म्हणून वर्ग खालच्या मजल्यावरच ठेवला आहे. दोन तास द्या. गोळा कसा तपासायचा ते तुमच्याच हातांनी त्यांना कळू द्या. सरावाचा पुतळा मी काढून ठेवते. न्यायला गाडी पाठवू का, तेवढं कळवा.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
एक स्टाफ नर्स