अफूला परवाना, गांज्याला मात्र नकार

संपादक महोदय,

मी पस्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. गेल्या वर्षी हिची केमोथेरपी सुरू असताना ओकाऱ्या थांबेनात. रात्री दोनला मोरी धुताना आठवलं : नेमक्या याच त्रासावर गांज्यातल्या घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली गोळी अमेरिकेत १९८५ साली मंजूर झाली. आपल्याकडे त्याच वर्षी अंमली पदार्थांचा कायदा आला!

बरं, हे औषध काही परकं नाही. १८३९ च्या सुमारास कलकत्त्यात डॉ. ओ'शॉनेसी यांनी धनुर्वाताच्या रोग्यांना गांज्याचा अर्क देऊन पाहिला आणि तिथूनच तो विलायती दवाखान्यांत पोचला. १८९३-९४ च्या सरकारी आयोगानेही सरसकट बंदी नको, असंच सांगितलं होतं.

अंमली पदार्थांच्या कायद्याने या झाडाचं नुसतं पान (म्हणजे भांग) वगळलं, म्हणून इंदुरात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत आणि शिवरात्रीला घोटाही होतो. (आमचे वडील एकदाच प्यायले, रात्रभर हसत बसले.) त्याच झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, मात्र गुन्हा. तरीही औषधासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार त्याच कायद्यात राज्यांना आहे. नीमच-मंदसौरला परवान्यावर अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनतं. तिथे कुणाचा धर्म बुडत नाही.

चिलीमवाल्यांचा कैवार मला घ्यायचा नाही. कोवळ्या वयात ते घातकच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मोजून मिळणारं औषध, एवढंच मागणं. भोपाळने एवढं तरी मनावर घ्यावं.

— एक निवृत्त औषधविक्रेता, रामबाग, इंदूर